एसआयपी सुरू करताय? आधी ‘डायरेक्ट’ की ‘रेग्युलर’ ते पाहा

वस्तीत काम करताना आम्हाला एक बदल दिसतो आहे. पहिला पगार हाती आलेली मुले-मुली भिशीच्या जोडीला एसआयपी सुरू करत आहेत. देशभरात एसआयपीतून महिन्याला येणारी रक्कम एप्रिल २०२४ मध्ये प्रथमच २० हजार कोटी रुपयांच्या पुढे गेली. २०२५ मध्ये २५० रुपयांची छोटी एसआयपीही आली. तरीही ‘हे बँकेतल्या आरडीसारखेच ना?’ हा प्रश्न आम्हाला वारंवार विचारला जातो.

तसे नाही. म्युच्युअल फंड हा अनेकांचे पैसे एकत्र करून शेअर व रोखे घेणारा ट्रस्ट असतो. त्याच्या मालमत्तेतून खर्च व देणी वजा करून उरलेल्या रकमेला युनिटांच्या संख्येने भागले की एनएव्ही निघते. म्हणून १० रुपयांचे युनिट स्वस्त आणि २०० रुपयांचे महाग, हा समज चुकीचा आहे. सेबी नियम घालून देते, परताव्याची हमी देत नाही. २००१ मध्ये यूटीआयने यूएस-६४ योजनेतून पैसे काढणे काही महिने थांबवले, तेव्हा ‘सरकारी म्हणजे सुरक्षित’ मानणारी कुटुंबे हादरली होती.

आपली फसगत मात्र जास्त करून कमिशनमध्ये होते. जानेवारी २०१३ पासून योजनांना ‘डायरेक्ट’ पर्याय आहे. त्यात वितरकाचे कमिशन नसते. ‘रेग्युलर’मध्ये ते दरवर्षी आपल्याच पैशातून जाते. समजा, महिना ३,००० रुपये २० वर्षे भरले. परतावा १२ टक्के धरला तर सुमारे ३० लाख होतात, ११ टक्के धरला तर सुमारे २६ लाख. एका टक्क्यात जवळपास पावणेचार लाख गेले.

बाबासाहेबांनी मुंबईत शेअर व्यवहारांचा सल्ला देणारी पेढी काढली होती. जात कळताच गिऱ्हाइके तुटली आणि ती बंद पडली. ज्या बाजाराने त्यांना नाकारले, त्यात आपण आज डोळे झाकून शिरू नये.

आधी सावकाराचे कर्ज फेडा, आरोग्यविमा घ्या, तीन-चार महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा. मग एसआयपी. ज्यांची सुरू आहे, त्यांनी येत्या रविवारी विहारात स्टेटमेंट घेऊन एकत्र बसावे आणि योजनेच्या नावापुढे काय लिहिले आहे ते वाचावे. बदल करण्याआधी एक्झिट लोड आणि कर किती लागेल तेही तपासावे.