शालूची उलटी बाजू

प्रवासाहून परतणाऱ्या मध्यमवर्गीय माणसाच्या सामानात एक तरी गाठोडे वाढलेले असते. बनारसचा शालू, कांचीपुरमची साडी, चन्नपट्टणची खेळणी, कोल्हापूरच्या चपला, सावंतवाडीची लाकडी फळे. परिषदा आणि अधिवेशनांच्या निमित्ताने देशभर फिरणारे आपले कार्यकर्तेही याला अपवाद नाहीत, आणि असण्याचे कारणही नाही. कष्टकऱ्याच्या हातची सुंदर वस्तू आपल्या घरात असावी, ही इच्छा निरोगीच आहे. प्रश्न वेगळा आहे. ही खरेदी करताना आपण नेमके काय करतो आणि त्याचा भार अखेर कोणाच्या पाठीवर पडतो?

काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखिका कामानिमित्त बनारसला गेली होती. धाकट्या बहिणीचे लग्न ठरले होते आणि मराठी घरात लग्न म्हटले की शालू आलाच. सायकलरिक्षावाल्याने आपणहून एका गल्लीतील दुकानापाशी उतरवले. गिऱ्हाईक आणल्याबद्दल त्याला तेथे दस्तुरी मिळते, हे नंतर कळले. पांढऱ्या गादीवर शालूंचे ढीग उलगडले गेले, चहा आला, ‘अस्सल हातमाग’ अशी ग्वाहीही मिळाली. चौदा हजारांचा भाव घासाघीस करून नऊ हजारांवर आणला आणि तो पराक्रम सायंकाळी स्थानिक कॉम्रेडना मोठ्या अभिमानाने सांगितला.

ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते विणकरांच्या एका वस्तीत घेऊन गेले. खड्डामागावर बसलेल्या एका वृद्ध चाचांच्या हाती त्यांनी तो शालू ठेवला. चाचांनी उजवी बाजू पाहिलीच नाही. शालू उलटा केला, काठावरून बोट फिरवले आणि म्हणाले, “बेटी, हा यंत्रावरचा आहे.” मग थोडे थांबून म्हणाले, “तुला स्वस्त मिळाला, ठीक आहे. पण उद्या मी माझा माल घेऊन बाजारात गेलो की गादीवाला म्हणेल, नऊ हजारांत बनारसी मिळते, मग तुला जास्त मजुरी कशाची देऊ?”

या एका प्रश्नात या व्यापाराचे सारे अर्थशास्त्र आहे.

हातमागावरील ‘कढुआ’ विणीत प्रत्येक बुट्टी स्वतंत्रपणे भरली जाते आणि एका शालूला आठवडेच काय, कधी महिनेही लागतात. ‘फेकुआ’ विणीत नक्षीचा धागा या काठापासून त्या काठापर्यंत फेकला जातो आणि मागे लोंबणारे धागे मग कापून टाकतात. यंत्र या दुसऱ्या पद्धतीची नक्कल सहज करते. म्हणून जाणकार आधी उलटी बाजू पाहतो. विणताना कापड रुंदीत ताणून धरणाऱ्या काठीच्या टोकांची बारीक छिद्रे काठाशी आहेत का, हे तपासतो.

मालाची जशी उलटी बाजू असते, तशी ती व्यापारालाही असते. बहुसंख्य विणकर माल स्वतः विकत नाही. रेशीम, जर आणि नक्षी गृहस्थ किंवा गादीदार देतो, विणकराला नगावर मजुरी मिळते. विणीत दोष निघाला, किंवा काढला गेला, की ‘कटौती’ होते. नळ्या भरणे, धागे कापणे ही कामे घरातील स्त्रिया करतात आणि त्यांची मजुरी बहुधा कुटुंबाच्या मजुरीतच विरून जाते. गिऱ्हाइकाने दुकानात पाडून घेतलेला भाव दुकानदार स्वतःच्या नफ्यातून सोसत नाही. तो गादीदाराकडे सरकतो, गादीदाराकडून मागापर्यंत येतो, आणि तेथून पुढे सरकवायला जागाच उरत नाही. जिला आपण चतुराई म्हणतो, ती अखेर परक्याच्या मजुरीतली कपात असते.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. यंत्रमाग हा शत्रू नव्हे आणि त्यावर राबणारा कामगार तर मुळीच नव्हे. बनारसच्या कित्येक घरांत बाप हातमागावर आणि मुलगा यंत्रमागावर बसतो. आपल्या भिवंडी-मालेगावच्या मोमीन वस्त्यांतील अनेक कुटुंबांचे पूर्वज १८५७ नंतर याच पूर्वेकडील पट्ट्यातून आले. २०२० साली उत्तर प्रदेश सरकारने यंत्रमागांच्या विजेचा ठोक दर काढून घेतला, तेव्हा बनारसच्या विणकरांनी माग थांबवले. तेथील बोलीत या संपाला ‘मुर्री बंद’ म्हणतात. आक्षेप यंत्राच्या कापडाला नाही. ते हाताचे म्हणून विकण्याच्या खोटेपणाला आहे, कारण तो खोटेपणा दोन्ही कामगारांना एकमेकांचा भाव पाडण्यासाठी वापरतो.

हा खोटेपणा रोखणारा कायदा आहे. हातमागासाठी वस्तू राखून ठेवणारा कायदा १९८५ साली झाला आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली तो वैध ठरवला. पण आरंभी राखीव असलेल्या २२ वस्तूंची यादी पुढे ११ वर आणली गेली आणि अंमलबजावणी नावापुरती राहिली. गिरण्यांनी सुताचा ठरावीक हिस्सा हातमागाला लागणाऱ्या लडींच्या रूपात द्यावा, हे बंधनही ५० टक्क्यांवरून २००३ साली ४० वर आणि २०१९ साली ३० वर उतरवले गेले. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला आणि हातमागाचे कापडही ५ टक्के कराखाली आले. २०१५ पासून ७ ऑगस्ट हा राष्ट्रीय हातमाग दिन म्हणून साजरा होतो, आणि २०२० साली अखिल भारतीय हातमाग मंडळ मात्र बरखास्त केले जाते. परिणाम आकड्यांत दिसतो. १९९५ च्या गणनेत हातमागावर सुमारे ६५ लाख माणसे होती, २०१९-२० च्या गणनेत ३५ लाख उरली. विणकरांत ७२ टक्के स्त्रिया होत्या आणि सुमारे दोन तृतीयांश कुटुंबांचे मासिक उत्पन्न ५००० रुपयांच्या वर नव्हते.

अनुवादाच्या कामात सरकारी अहवाल वारंवार हाताखालून जातात. त्यांत विणकर कधी ‘कारागीर’ असतो, कधी ‘वारशाचा जतनकर्ता’, कधी ‘लाभार्थी’. ‘कामगार’ हा शब्द क्वचितच भेटतो. विकताना ती ‘कला’ असते, म्हणून किंमत चढते. मजुरी देताना ते ‘घरचे काम’ असते, म्हणून किमान वेतनाचा प्रश्नच उपस्थित होत नाही. ज्याला कामगार म्हटले जात नाही, त्याला कामगाराचा हक्कही मागता येत नाही. आपल्या लेखनात तरी हा शब्द त्याला परत दिला पाहिजे.

मग प्रवासी कार्यकर्त्याने काय करावे? पहिली गोष्ट म्हणजे दुकानात विचारावे की हे कोणी विणले, कोठे, आणि त्याला काय मिळाले. उत्तर मिळणार नाही, पण प्रश्न पोहोचेल. हातमागाचे चिन्ह पाहावे आणि शालू उलटा करून बघावा. शक्य तेथे विणकरांच्या सहकारी संस्थेकडून घ्यावे. मात्र ‘सहकारी’ ही पाटी पुरेशी नाही. कित्येक संस्थांची सूत्रे गादीदारांच्याच हाती असतात. तामिळनाडूत १९३५ पासून चालत आलेल्या को-ऑप्टेक्सने साडीला विणकराचे नाव आणि छायाचित्र जोडण्याचा प्रयोग केला. केरळमध्ये डाव्या आघाडीच्या सरकारने २०१७ पासून सरकारी शाळांच्या गणवेशासाठी हातमागाचे कापड घेऊन विणकरांना नियमित काम दिले. दिशा हीच आहे. माग वर्षभर चालतो तो अशा बांधील मागणीवर, प्रवाशाच्या दयेवर नाही.

कारण आपल्या एका शालूने विणकर मुक्त होणार नाही, हेही ओळखले पाहिजे. योग्य किंमत देणे म्हणजे केवळ आपल्या हातून अन्याय न होणे. त्यापुढचे काम संघटनेचे आहे: मजुरीचा लेखी दर, कटौतीला बंदी, रास्त भावात सूत, राखीव कायद्याची अंमलबजावणी आणि स्त्रियांच्या श्रमाची वेगळी नोंद. ज्या गावी आपण परिषदेला जातो, तेथील विणकर वस्तीत तासभर बसून या मागण्या ऐकाव्यात आणि परतल्यावर शाखेत मांडाव्यात. हे गाठोडे आणायला काही जड नाही.

तो शालू बहिणीने लग्नात नेसला. त्याची हकीकत तिला आधीच सांगितली होती. मंडपात कोणी तरी विचारले, “अस्सल बनारसी ना?” ती म्हणाली, “यंत्रावरचा आहे. त्यावरही कोणी तरी रात्रपाळी केलीच असेल.”