तारीख आधी सांगा

झाशीच्या सदर बाजारातले दुकानदार आणि त्यांचं बिलिंगचं सॉफ्टवेअर सांभाळणारी मंडळी, दोघांनाही ही विनंती आहे. विंडोज सेव्हनचा आधार मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० ला काढला आणि विंडोज टेनचा १४ ऑक्टोबर २०२५ ला. संगणक त्यानंतरही चालू होतो, बिलं निघतात. मग दुकानदार म्हणतो, चाललंय ना, खर्च कशाला? पण आधार संपल्यावर जी नवी भोकं सापडतात, ती सहसा कुणी बुजवत नाही. मे २०१७ मध्ये संगणकातल्या फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय हा व्हायरस पसरला, तो ज्या भोकातून शिरायचा त्यावरची दुरुस्ती मार्चमध्येच आली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती, ते सापडले.

जुनं कधी सोडायचं, याचा एक धडा आपल्याच देशात आहे. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला, तरी पुष्कळ एटीएम त्यावरच चालत राहिली. अखेर जून २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने टप्पे ठरवून दिले: सप्टेंबरपर्यंत किमान पाव एटीएम बदला, डिसेंबरपर्यंत निम्मी, मार्च २०१९ पर्यंत पाऊण आणि जूनपर्यंत सगळी. चार वर्षांचा उशीर काही शोभणारा नव्हता. टप्प्यांची रीत मात्र उचलण्याजोगी आहे.

सॉफ्टवेअरवाल्यांनो, जुनं विंडोज किती गिऱ्हाइकांकडे आहे ते आधी मोजा. दोन-चार यंत्रांपायी बाकीच्या सगळ्यांना जुन्यात अडकवू नका, पण फोनवर "आता चालणार नाही" एवढंच सांगून मोकळंही होऊ नका. निदान सहा महिने आधी तारीख लेखी द्या, तीही हिंदीत. दिवाळी आणि मार्चअखेर टाळा. जुना हिशोब बाहेर काढण्याची सोय बंद करू नका. तो हिशोब गिऱ्हाइकाचा आहे.

दुकानदारांनो, तारीख मिळाली की भांडत बसू नका. विंडोज इलेव्हनला संगणकात टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, इंटेलचा प्रोसेसरही साधारण आठव्या पिढीपासूनचा. त्यामुळे जुनी यंत्रं बहुधा बदलावीच लागतील. आत्ता पैसे नसतील तर जुन्या संगणकाचं इंटरनेट काढून टाका, त्यावर नुसती बिलं करा आणि बँक, जीएसटी दुसऱ्या यंत्रावर न्या. पेन ड्राइव्ह वाटेल त्याचा लावू नका. हिशोबाची प्रत मात्र आजच वेगळी काढून ठेवा.

आपल्याकडे कुठलं विंडोज आहे हे ठाऊक नसेल, तर विंडोजचं बटण आणि 'आर' एकदम दाबा, इंग्रजीत 'विनव्हर' (winver) टाइप करा आणि एंटर दाबा.