देशोऽ म्हणजे 'बहुधा'? छे!

परवा मामांकडे जेवायला गेले होते. आमटी वाढून घेता घेता मामा म्हणाले, "अगं, तुझे जपानी सरळ कधी बोलतच नाहीत म्हणे! ज्यात त्यात 'बहुधा' आणि 'कदाचित'. मग यांच्या गाड्या वेळेवर कशा धावतात?" सगळे हसले. मीही हसले. पण घरी आल्यावर चिडचिड झाली, कारण हा गैरसमज पसरवण्यात आम्हा जपानी शिकलेल्यांचाच हात आहे.

आमच्यापैकी अनेकांच्या वहीत एक ओळ असते : 'देशोऽ = बहुधा'. माझं म्हणणं, ती ओळ खोडून टाका!

जपानीत 'बहुधा'ला वेगळा शब्द आहे, 'ताबुन'. 'नक्की'लाही आहे, 'कित्तो'. आणि देशोऽ या दोघांबरोबर गुण्यागोविंदाने नांदतो. 'कित्तो कुरु देशोऽ' या वाक्याचं वहीतल्या ओळीप्रमाणे भाषांतर केलं तर होईल 'नक्की बहुधा येईल'. काय अर्थ लागतो? साधं मराठी आहे, 'नक्की येईल हो'.

दुसरं उदाहरण. पोरगं छत्री न घेता जातं, भिजून येतं, आणि जपानी आई ओरडते, "दाकारा इत्ता देशो!" म्हणजे "तरी सांगितलं होतं ना!" यात शक्यता कुठे आहे? ठणठणीत खात्री आहे. ही आई मला तर थेट सदाशिव पेठेतली वाटते.

खरं म्हणजे देशोऽचं काम दोन प्रकारचं. सूर खाली उतरला की तो अंदाज. हवामानाच्या बातम्यांत 'आशिता वा आमे देशोऽ' म्हणतात, म्हणजे उद्या पाऊस पडेल. सूर वर चढला की तो 'ना?', म्हणजे समोरच्याकडून होकार मागणं. आणि खरोखर काहीच सांगता येत नसेल तर 'कामोशिरेनाइ' आहेच. त्याचा शब्दशः अर्थच 'कळू शकत नाही' असा. इतक्या बारीक छटा सांभाळणारी भाषा गुळमुळीत कशी?

हा चढउतार न ओळखण्याची किंमत मी मोजली आहे. दुभाषी म्हणून पहिलीच मोठी मीटिंग. जपानी साहेबांनी विचारलं, "किन्योऽबी मादे नि ओवारु देशोऽ?" मी तत्परतेने सांगितलं, "शुक्रवारपर्यंत बहुधा संपेल म्हणतायत." आमची मंडळी निवांत. साहेब विचारत होते, "शुक्रवारपर्यंत संपेल ना?" शुक्रवारी काय झालं ते विचारू नका. वर ऐकायला मिळालं, "हे जपानी आधी एक बोलतात, नंतर दुसरंच." चूक माझी, बदनामी त्यांची!

आता जपानी माणूस आडवळणाने बोलतच नाही असं मी म्हणत नाही. 'कांगाएते ओकिमासु' (विचार करून ठेवतो) हा बऱ्याचदा नकारच असतो. पण आपण 'बघू या' म्हणतो तेव्हा दुसरं काय करतो? तो स्वभावाचा भाग झाला, त्याचं खापर व्याकरणावर कशाला?

आणि गंमत म्हणजे हे समजायला मराठी माणसाला इंग्रजी पुस्तकाचा वळसा घालायची गरजच नाही. आपल्याकडे 'असेल' आहे, 'असावा' आहे, 'ना' आहे. बाहेरून आलेल्या माणसाला जपानी म्हणतो, "त्सुकारेता देशोऽ", आपण म्हणतो, "दमला असाल ना". दुसऱ्याचा थकवा आपल्याला आतून कळत नाही, म्हणून दोन्ही भाषा त्याच्याबद्दल ठाम विधान न करता त्यालाच विचारतात. याला मी संदिग्धपणा म्हणणार नाही, माणुसकी म्हणेन.

असो. मामा, हे वाचाल तेव्हा एक प्रयोग करा. मामी बाजारातून पिशव्या घेऊन आली की तिला म्हणा, "तू बहुधा दमली आहेस." मग काय होतं ते मला फोन करून सांगा. कराल ना?