क्लासच्या नावातली चूक आणि गप्प बसणारा ब्राउझर



आपल्यापैकी बरेच जण आता ऑनलाईन टेस्ट स्वतः तयार करतात. मीही करतो. मागच्या टेस्टमध्ये 'शिवनेरी किल्ला कोणत्या जिल्ह्यात आहे?' असा प्रश्न होता. एका मुलीने सातारा निवडलं. तो पर्याय लाल व्हायला हवा होता, झाला नाही. तिने आनंदाने वहीत सातारा लिहून टाकलं.

चूक माझीच. लाल रंग देणाऱ्या क्लासचं नाव (क्लास म्हणजे आपला वर्ग नव्हे, डिझाईनला दिलेलं नाव) स्टाइलशीटमध्ये 'चूक' होतं आणि पानाच्या कोडमध्ये मी 'चुक' टाईप केलं होतं. मुलांच्या वहीत ह्रस्व-दीर्घाला गोल करणारे आपण!

ब्राउझर काहीच बोलला नाही. त्याचा दोष नाही. न कळलेला भाग सोडून पुढे जायचं हा नियम सीएसएसच्या १९९६ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, आणि न जुळणारं नाव ही तर त्याच्या लेखी चूकच नसते. म्हणून ही तपासणी कोड लिहायच्या साधनानेच करावी, आणि ती आधीपासून चालू असावी. सेटिंगमध्ये जाऊन चालू करायची असेल, तर जिची खरी गरज नवशिक्याला आहे ती त्यालाच सापडणार नाही. काही नावं फक्त जावास्क्रिप्टसाठी असतात, तिथे उगाच इशारे येतील हे खरं. त्यांना सूट देता येते.

पण कडक म्हणजे नक्की काय कडक? स्टाइललिंट या तपासणी साधनाचा प्रमाणित नियमसंच नावाचं रूप बघतो: लहान रोमन अक्षरं, आकडे, मध्ये आडवी रेघ. ते नाव पानात कुठे वापरलंय का, हे तो नियम बघत नाही. म्हणजे रोमन लिपीत 'चूक' दोन तऱ्हांनी लिहिलं तर दोन्ही पास, आणि देवनागरीतलं शुद्ध 'चूक' नापास! सीएसएसला स्वतःला देवनागरी नाव चालतं. गंमत म्हणजे इंग्रजी आकड्याने सुरू होणारं नाव स्टाइलशीटमध्ये थेट चालत नाही, पण '४थी' चालतं.

माझं म्हणणं एवढंच, की आधी दोन्हीकडचं नाव जुळतंय का ते तपासा, वळण नंतर बघू. तोवर टेस्ट टाकण्याआधी मी मुद्दाम एक चुकीचं उत्तर निवडून बघतो, लाल होतंय का.