प्रोग्रॅम लिहिता येतो, पण तो चालतो कसा?

काही वर्षांपूर्वी मी एका दुकानदार मित्राला हिशेबाचा छोटा प्रोग्रॅम सी शार्पमध्ये लिहून दिला. माझ्या संगणकावर तो व्यवस्थित चालत होता, मित्राच्या दुकानात मात्र उघडेचना! त्याला लागणारी डॉट नेटची आवृत्ती तिथे नव्हती. क्लासमध्ये आम्हाला फॉर्म आणि बटणे शिकवली. ही गोष्ट कोणी सांगितलीच नव्हती.

डॉट नेट फ्रेमवर्क २००२ साली आले. त्यात आपला कोड आधी एका मधल्या भाषेत रूपांतरित होतो. प्रोग्रॅम सुरू केला की सीएलआर हा रनटाइम तो हाती घेतो. त्यातला जेआयटी कंपायलर लागेल तेवढा भाग त्या संगणकाच्या यंत्रभाषेत बदलतो. वापरात नसलेली मेमरी गार्बेज कलेक्टर मोकळी करतो. डेटाबेसचे कनेक्शन वेळेवर बंद करणे मात्र आपलेच काम आहे.

२०१६ च्या डॉट नेट कोअरपासून रनटाइम प्रोग्रॅमसोबतच देता येतो. सोय झाली, पण प्रोग्रॅमचा आकार वाढतो आणि त्या रनटाइममधल्या सुरक्षा-दुरुस्त्या ग्राहकापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारीही आपल्यावर येते.

म्हणून माझे मत असे की, मुलांना पहिल्याच आठवड्यात रनटाइम समजावून सांगावा. नोकरीसाठी फ्रेमवर्क शिकाच; पण आपला प्रोग्रॅम कशाच्या आधारावर उभा आहे, हे माहीत नसेल तर तो कोसळल्यावर आपण ग्राहकासमोर नुसते उभे राहतो. मी तसा उभा राहिलो आहे.