कोळशाला बेल्ट, कामगाराला पायपीट!

खाणीतून किती टन कोळसा वर आला, याचा हिशेब दर पाळीला होतो. तो काढणारा माणूस भूगर्भात किती चालला, याचा हिशेब कोण ठेवणार? गोंडपिपरीहून कोठारीमार्गे बल्लारपूर-चंद्रपूरकडे पोटासाठी जाणाऱ्या बौद्ध, आदिवासी, बहुजन बांधवांच्या वतीने आम्ही हा सवाल करीत आहोत.

चंद्रपूरच्या महाकाली, दुर्गापूर-रयतवारीसारख्या भूमिगत खाणी कामगारांच्या घामावर उभ्या राहिल्या. जुन्या हॉलेज पद्धतीत कोळशाचे टब पोलादी दोराने ओढले जातात. तीव्र उतारावर भरलेले टब इंजिन वर खेचते, तर रिकामे स्वतःच्या वजनाने खाली जातात. सौम्य उतारावर अखंड फिरणाऱ्या दोराला टब अडकवितात. दोर तुटला वा जोडणी निसटली, तर भरलेला टब सुसाट खाली येतो. म्हणूनच स्टॉप ब्लॉक, शेवटच्या टबमागचा बॅकस्टे आणि टब रुळावरून उतरविणारा रनअवे स्विच ही शोभेची साधने नव्हेत, ती कामगाराच्या प्राणाची हमी आहेत.

कन्व्हेअर बेल्टने कोळसा अखंड वाहतो आणि माणसे कमी लागतात. आम्ही यंत्राचे शत्रू नाही. यंत्राने माणसाला पशूवत श्रमातून सोडवून फुरसत द्यावी, हीच बाबासाहेबांची भूमिका होती. १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना त्यांनी धनबादच्या कोळसा खाणींची पाहणी केली. १९४४ साली खाण कामगारांसाठी कल्याण निधीचा वटहुकूम निघाला.

मग कोळशासाठी बेल्ट येतो, तर कामगाराला नेणारी मॅन-रायडिंग व्यवस्था प्रत्येक लांब खाणीत का नाही? देशातील काही खाणींत चेअर लिफ्ट बसल्या आहेत. पायपीट वाचली की गुडघे वाचतात आणि प्रत्यक्ष कामाचा वेळही वाढतो. व्यवस्थापनाच्या नफ्याच्या गणितातही हे बसते!

१९७५ च्या अधिसूचनेने कोळसा काढणे व भरणे-उतरविणे यांत कंत्राटी पद्धतीस मनाई केली होती. तरीही कोळसा उद्योगात कंत्राटदारी फोफावली. कंत्राटी मजूर खराब दोराविरुद्ध तोंड उघडेल कसा? उद्या त्याला कामावर घेतलेच जाणार नाही!

आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. दोर व सुरक्षा साधनांच्या तपासणीचा अहवाल मराठीत खाणीच्या तोंडावर लावावा. कामगार निरीक्षकाला निर्भयपणे काम करू द्यावे. बेल्टमुळे ज्यांचे काम जाईल, त्यांना बेल्टचालक, फिटर, इलेक्ट्रिशियनचे प्रशिक्षण देऊन सामावून घ्यावे. आमच्या पोरांनी केवळ टब ढकलायचे आणि यंत्राची कळ दुसऱ्यांच्याच हाती राहायची, ही श्रमिकांची विभागणी आम्हाला मान्य नाही.