पालकाची चिठ्ठी आणि गव्हाण

गव्हाण म्हणजे काय हे आमच्या मुलांना समजावून सांगावं लागत नाही. वर्धा तालुक्यातल्या कुठल्याही गोठ्यात ती दिसते. तिच्यात कुटार असतं, वर ढेप असते आणि बैलांच्या जिभा फिरून फिरून तिची कड गुळगुळीत झालेली असते. म्हणून नाताळला येशूजन्माचं नाटुकलं बसवायचं ठरलं, तेव्हा सातवीच्या पोरांनी एका दुपारीत गोठा उभा केला. मागच्या सालच्या तुराट्या, सुतळी आणि कुणाच्या तरी घरून आणलेलं टोपलंभर कुटार. मेंढरं पुठ्ठ्याची होती आणि त्यांच्या अंगावर घरच्या वेचणीचा कापूस सरकीसकट चिकटवलेला होता. सेवाग्रामच्या आश्रमापासून फार लांब नसलेल्या एका शाळेतली ही गोष्ट. मी तिथे शिकवत होतो.

चौथ्या दिवशी एका मुलीच्या वहीतून चिठ्ठी आली आणि पाठोपाठ तिचे वडील आले. गळ्यात तुळशीची माळ, हातात टोपी. बसा म्हटलं तरी उभेच राहिले. "माह्या पोरीले त्या नाटकात नका घेऊ जी," ते म्हणाले. "गोष्ट सांगा, तिले ऐकू द्या, त्याले माहं काही म्हणणं नाही. पण शेवटी सारे गुडघे टेकून हात जोडतात म्हणे. ते तिले कराले लावू नका."

ते गेल्यावर शिक्षकांच्या खोलीत दोन मतं पडली. दोन्ही मला तेव्हाही चुकीची वाटली, आजही वाटतात. पहिलं मत तावातावानं मांडलं गेलं: बापूंच्या गावात राहून हा माणूस अशी हरकत घेतो, बाकी कुणाची तक्रार नाही, एकट्यासाठी का थांबायचं? दुसरं मत हलक्या आवाजात आलं आणि बघता बघता सगळ्यांना पटत गेलं: कशाला भानगड? गोठा मोडा, येशूचं नाव घेऊ नका, एका पोराला सांताक्लॉजचे कपडे घाला, गोळ्या वाटा आणि मोकळे व्हा.

आधी पहिल्या मताचं बघू. बापूंचं नाव घेऊन पालकाला गप्प करणाऱ्यांनी १९४७च्या एप्रिलमधली दिल्ली आठवावी. गांधीजी तिथे वाल्मीकी वस्तीत उतरले होते. संध्याकाळच्या प्रार्थनेत कुराणाच्या आयतींना हरकत घेणारा एकजण उठला. समोरच्या जमावातल्या बहुतेकांना प्रार्थना हवी होती. तरीही गांधीजींनी ती होऊ दिली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा हरकत आली, पुन्हा प्रार्थना थांबली. हरकत घेणाऱ्याला लोकांनी ढकलून बाहेर काढावं हे त्यांना मंजूर नव्हतं. संख्येच्या जोरावर कुणाचं तोंड दाबून केलेली प्रार्थना त्यांच्या लेखी प्रार्थनाच नव्हती. काही दिवसांनी विरोध निवळला, मग प्रार्थना झाली, आणि ती कुराणासकट झाली.

या प्रसंगाचा पहिला अर्धा भाग आपण भाषणांतून सांगतो. दुसरा अर्धा मला जास्त मोलाचा वाटतो. त्यांच्यापुढे एक सोपी वाट होती: आयती तेवढ्या गाळायच्या, बाकीची प्रार्थना म्हणायची, कुणाचीच तक्रार उरली नसती. ती वाट त्यांनी घेतली नाही. प्रार्थना होईल तर सगळी होईल, नाहीतर होणारच नाही. एकाच्या हरकतीपुढे ते थांबले, पण एका धर्माला वगळून पुढे गेले नाहीत. शाळेतल्या दोन्ही मतांना याच्यात उत्तर आहे.

'बाकी कुणाची तक्रार नाही' हे कायद्यातही टिकत नाही. राज्यघटनेच्या २८व्या कलमात हे अगदी स्वच्छ लिहिलं आहे. सर्वस्वी सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. आणि सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कुणालाही धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवायचं असेल तर त्याची संमती हवी. मूल अज्ञान असेल तर पालकाची. किती पालक राजी आहेत हा प्रश्नच तिथे नाही, प्रत्येक मुलाचा हिशेब वेगळा आहे. १९८६ साली केरळातल्या तीन भावंडांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हेच तत्त्व उचलून धरलं. ती मुलं राष्ट्रगीताच्या वेळी आदरानं उभी राहत, पण त्यांच्या यहोवा साक्षीदार पंथाच्या श्रद्धेमुळे गात नसत, म्हणून शाळेनं त्यांना काढलं होतं. न्यायालयानं त्यांना परत घ्यायला लावलं. राष्ट्रगीताच्या बाबतीत जर मुलाच्या श्रद्धेला एवढी जागा मिळते, तर नाताळच्या प्रार्थनेत ती का मिळू नये?

म्हणून त्या वडिलांची हरकत रास्त होती, आणि चूक आमच्याकडून झाली होती. गोष्ट सांगणं वेगळं आणि गुडघे टेकवणं वेगळं. मेंढपाळ झालेला मुलगा नाटकात बाळापुढे वाकतो तेव्हा तो मेंढपाळ असतो. नाटक संपल्यावर सगळ्या शाळेला रांगेत हात जोडायला लावले की ती उपासना होते. आम्ही हा फरक केला नव्हता. कमी शिकलेल्या त्या शेतकऱ्यानं तो एका वाक्यात केला होता. २००२ साली अरुणा रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयानंही धर्मांची ओळख करून देणं आणि एखाद्या धर्माचं शिक्षण देणं यांच्यात फरक केला. धर्मांविषयी शिकवण्याला घटनेची आडकाठी नाही, असं न्यायालयानं सांगितलं.

पालकांच्या मनातली भीतीही कुणी हवेतून आणलेली नाही. मराठी मुलुखात तिला जुना इतिहास आहे. १८३९ साली मुंबईत जॉन विल्सन यांच्या शाळेतल्या दोन पारशी तरुणांनी ख्रिस्ती धर्म घेतला आणि पालकांनी धडाधड मुलं काढून नेली. १८९३ साली पुण्यात पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनावर तेच वादळ आलं. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडं असे, काही मुली आपणहून येऊन बसत. रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, 'केसरी'नं झोड उठवली, बऱ्याच मुलींना घरच्यांनी काढून नेलं. मी हा इतिहास वाचतो तेव्हा माझं मन रमाबाईंकडेच जातं, कारण बालविधवांना दार उघडणारी दुसरी घरं त्या काळी फार थोडी होती. तरीही पालकांना विचारण्याचा हक्क होता, हे मी नाकारत नाही. संस्था कुठल्याही धर्माकडे ओढणार नाही असा भरवसा देऊन ती उभी राहिली होती. भरवसा दिला की जाब विचारला जाणारच. खुद्द गांधीजींनी आत्मकथेत लिहिलं आहे की राजकोटला त्यांच्या हायस्कुलाजवळ उभे राहून मिशनरी हिंदू देवांची निंदा करत आणि त्यामुळे त्यांच्या मनात त्या धर्माविषयी अढी बसली. म्हणजे ही भीती त्यांना पुस्तकातून कळलेली नव्हती.

पण भीती खरी असली तरी तिच्यातून काढलेला प्रत्येक निष्कर्ष खरा ठरत नाही. 'माझ्या मुलीला घेऊ नका' इथपर्यंत पालकाचा हक्क आहे. 'कुणाच्याच मुलानं ही गोष्ट करू नये' इथे तो संपतो. आमच्या त्या वडिलांनी दुसरं वाक्य उच्चारलंच नव्हतं, आम्हीच ते त्यांच्या तोंडी घालून गोठा मोडायला निघालो होतो. अनेक ठिकाणी मात्र ते वाक्य मोठ्यानं बोललं जातं, म्हणून त्याचंही उत्तर द्यायला हवं.

गोष्ट ऐकली की मूल बाटतं, हा समज इथल्या अनुभवात बसत नाही. नागपूरच्या हिस्लॉप या मिशनरी कॉलेजातून विदर्भातल्या हिंदू घरांच्या किती पिढ्या शिकून बाहेर पडल्या, आणि त्यांच्या देवघरातले देव जागेवरच राहिले! १९२६ साली अहमदाबादला गुजरात विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना गांधीजी आठवड्यातून एक तास देऊ लागले. त्या तासाला काय हवं हे मुलांनाच निवडायला सांगितलं, तर बहुसंख्यांनी नवा करार निवडला. लगेच हरकत आली: बायबलच का, गीता का नाही, तुम्ही छुपे ख्रिस्ती आहात का? गांधीजींनी 'यंग इंडिया'त उत्तर दिलं. मुलांनी मागितलं म्हणून मी वाचतो, दुसऱ्याचा धर्मग्रंथ आदरानं वाचल्यानं माझं हिंदूपण उणावत नाही, असा त्याचा रोख होता. विनोबांनी ख्रिस्तधर्माचं सार काढलं, कुराणाचंही काढलं. पवनार इथून हाकेच्या अंतरावर आहे. त्या दोघांपैकी कुणी आपला धर्म सोडला?

आणि ज्याला परकं म्हणून हाकलायचं म्हणतात, ते खरंच किती परकं आहे? नारायण वामन टिळक येशूचं कीर्तन करत. नगरकडच्या ख्रिस्ती घरांत नाताळला करंज्या आणि शंकरपाळ्या होतात. त्या घरातली मुलं दिवाळीत आपल्या मुलांसोबत किल्ले करतात आणि वर्गात आपल्या मुलांशेजारी बसतात. त्यांच्या सणाला शाळेत जागा नाही असं ठरवलं की ते त्या मुलांना कसं समजावून सांगायचं, हे मला कुणी शिकवावं.

या वादातला सगळ्यात भक्कम मुद्दा मात्र वेगळाच आहे आणि तो सेवाग्रामचाच आहे. शाळेत कुठलाच धर्म नको, असं म्हणणाऱ्यांच्या पाठीशी खुद्द गांधीजींची नई तालीम ही शिक्षणयोजना उभी आहे. ऑक्टोबर १९३७मध्ये वर्ध्यात शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन यांच्या समितीनं आराखडा केला आणि त्या आराखड्यात धर्मशिक्षण घातलं नाही. त्यावर विचारणा झाली तेव्हा गांधीजींनी १९३८ साली कारण सांगितलं: आज धर्म ज्या तऱ्हेनं शिकवले आणि पाळले जातात, त्यातून एकी होण्याऐवजी भांडणंच होतील अशी धास्ती वाटते. जो माणूस रोज दोनदा सर्वधर्म प्रार्थना करत होता, त्यानं हे म्हणावं, याचं वजन मोठं आहे. नई तालीमचं काम इथे ज्यांनी वाहिलं ते आर्यनायकम श्रीलंकेतून आलेले ख्रिस्ती होते, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे.

या मुद्द्यापुढे मी मान तुकवतो. ज्यांना धर्म शाळेच्या फाटकाबाहेर ठेवायचा आहे त्यांनी जरूर ठेवावा. पण मग सरस्वतीचा फोटो उतरवा, गणपती बसवू नका, दसऱ्याचं पाटीपूजन बंद करा. हे सगळं बाराही महिने चालवायचं आणि नाताळ जवळ आला की शाळा निधर्मी असल्याची आठवण काढायची, याला तत्त्व म्हणता येणार नाही. गांधीजींनी तरी धर्मशिक्षण गाळताना सगळ्यांचंच गाळलं होतं. डिसेंबर २०२३मध्ये मध्य प्रदेशातल्या शाजापूरच्या जिल्हा शिक्षणाधिकाऱ्यांनी आदेश काढला की नाताळच्या कार्यक्रमात मुलांना सांताक्लॉज वगैरे करण्याआधी पालकांची लेखी परवानगी घ्यावी. परवानगी घ्यावी हे मला शंभर टक्के मान्य आहे. ती एकाच सणाला का?

दुसऱ्या मताची, सांताक्लॉजवाल्यांची, मला सगळ्यात जास्त चीड येते, कारण ते समजूतदारपणाच्या वेषात येतं. येशू काढायचा आणि लाल टोपी ठेवायची, यात कुणाचं काय राखलं? ज्यांचा तो सण आहे त्यांच्या श्रद्धेचा गाभाच गेला. ज्यांची हरकत होती त्यांना त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही. आणि मुलांच्या हाती आली ती दुकानातली टोपी. सरायमध्ये जागा न मिळालेलं गरीब जोडपं, गोठ्यात झालेलं बाळंतपण, रात्री शेतात मेंढरं राखणारी माणसं, हे सगळं आमच्या कास्तकारांच्या पोरांना क्षणात कळतं. धनगराच्या पोराला त्यात आपला बाप दिसतो. हे काढून गोळ्या वाटायच्या? १९३१च्या नाताळला गांधीजी गोलमेज परिषदेहून बोटीनं परतत होते. सकाळच्या प्रार्थनेनंतर ते येशूविषयी बोलले, आणि त्या दिवशीच्या नुसत्या मौजमजेशी आपलं मन जुळत नाही असं त्यांनी सांगितलं. लाल टोपीनं सगळं भागेल म्हणणाऱ्यांपेक्षा त्यांनी नाताळ अधिक मनावर घेतला होता.

आमच्या शाळेत शेवटी गोठा राहिला, शेवटची प्रार्थना गेली. त्या मुलीनं नाटकात काम केलं नाही. मेंढरांना कापूस चिकटवायचं काम तिनं स्वतः मागून घेतलं, तिच्या वडिलांची त्याला ना नव्हती.

ही बातमी गावात पोचली. पुढच्या आठवड्यात आठवीतल्या एका मुलीची आई आली. त्यांच्या घरात बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो आहे, आणि १९५६ साली दीक्षाभूमीवर तिच्या आजेसासऱ्यांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या होत्या. "सर, चिठ्ठी देली तर चालते म्हणे," ती म्हणाली. "माही पोरगी पाचवीपासून तुमच्या सरस्वतीले हार घालते. आमच्या घरी ते चालत नाही. मी कधी बोलली का? आता चालत असन तर माहीही चिठ्ठी घ्या."

खोलीत कुणी बोललं नाही. चार वर्षं तिनं तोंड उघडलं नव्हतं आणि त्या गप्प बसण्यालाच आम्ही संमती समजत आलो होतो. तिची चिठ्ठी मी हजेरीपटात पहिल्या चिठ्ठीच्या शेजारी ठेवली. दोन्ही चिठ्ठ्यांच्या मागे एकच उत्तर लिहून सही केली: शाळेत सर्व सणांची ओळख करून दिली जाईल. हात जोडणं, हार घालणं, आरती किंवा प्रार्थना म्हणणं कुणालाही सक्तीचं राहणार नाही. ज्या मुलाला बाजूला बसायचं असेल त्याला त्याच दालनात बसता येईल, कारण विचारलं जाणार नाही. ती आई उत्तर दोनदा वाचून म्हणाली, "हे फळ्यावर लिहा. माह्यासारख्या आणखी दोघीजणी आहेत."